एका उलट उदाहरणाने सिद्धान्त पडतो का?

एक विरोधी निरीक्षण मिळाले की विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या मते सिद्धान्त मोडीत निघतो, असे म्हटले जाते; हे विधान मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते. निर्णायक खंडन कधीच दाखवता येत नाही, कारण ऐनवेळी एखादे गृहीतक जोडून सिद्धान्त वाचवता येतो, हे त्यांच्या १९३४ च्या ग्रंथातच नमूद आहे. त्यांचा आग्रह होता तो अशी पळवाट न काढण्याच्या शिस्तीचा.

ही पळवाट मी अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या शेतात पाहिली आहे. पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचे पाणी शोधून देणाऱ्याच्या, तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला, तिथे ४०० फूट बोअर घेतले आणि वर आला तो काळ्या दगडाचा कोरडा भुगा. झरा दोन हात सरकला, असे सांगण्यात आले आणि वडिलांनी ते मानलेही. किती फुटांवर पाणी लागले नाही तर नारळ चुकला असे समजायचे, हे बोअरची गाडी शेतात येण्याआधी आमच्यापैकी कोणी विचारलेच नव्हते. आइनस्टाइन यांनी मात्र सूर्याजवळून जाणारा प्रकाश सुमारे १.७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळेल, हे १९१९ च्या ग्रहणाआधीच सांगून ठेवले होते, आणि सतरा वर्षांच्या पॉपर यांच्या मनावर ठसली ती चुकीचे ठरण्याची ही जोखीम.