शिकागोच्या पिकासो शिल्पाला रंग का दिला नाही?

पाऊलवाट:
पुढच्या महिन्यात शिकागोला जाणं होतंय. डेली प्लाझातल्या पिकासोच्या शिल्पाचे फोटो बघतेय, एवढं ५० फुटी धूड आणि सगळं तांबूस तपकिरी, गंजल्यासारखं. रंग का नसेल दिला? आणि ते नेमकं आहे काय? कुणी बाईचं डोकं म्हणतं, कुणी कुत्रा, कुणी माकड. जायच्या आधी समजून घ्यायचंय म्हणजे नीट बघता येईल.

भट्टीवाला:
रंग मुद्दामच दिलेला नाही. हे कॉर-टेन स्टील आहे, त्यात थोडं तांबं, क्रोमियम, निकेल असतं. साध्या लोखंडाच्या गंजाचे पोपडे सुटतात, खाली परत नवा गंज धरतो आणि असं करत करत पत्रा खाल्ला जातो. कॉर-टेनचं तसं नाही, ते भिजत सुकत भिजत सुकत गेलं की वर जो गंजाचा थर बसतो तो घट्ट धरून राहतो आणि आतलं पोलाद वाचवतो. फक्त पाणी साचता कामा नये, कायम ओल राहिली तर हेही गंजत जातं. मागची कोर्टाची उंच बिल्डिंग पण कॉर-टेनचीच आहे, म्हणून दोन्ही एका रंगाचे दिसतात. १६२ टन वजन आहे! शिकागोजवळच्या गॅरी शहरातल्या स्टील कारखान्यात बनवलं आणि प्लाझात आणून जोडलं. फॅब्रिकेशनमध्ये आहे म्हणून सांगतो, एवढ्या मोठ्या प्लेटांना असा बाक देणं खायचं काम नाही.

निळीशाई:
ते काय आहे हे पिकासोने कधी सांगितलंच नाही, नावसुद्धा दिलं नाही. १ लाख डॉलर देऊ केले होते तेही घेतले नाहीत, शहराला भेट म्हणून दिलं. १५ ऑगस्ट १९६७ ला मेयर डेलींनी अनावरण केलं तेव्हा लोक चक्रावले होते, एका नगरसेवकाने तर हे काढून बेसबॉलपटू एर्नी बँक्सचा पुतळा लावा अशी मागणी केली होती. माझं ऐकाल तर समोर उभं राहून फोटो काढून निघू नका, पूर्ण चक्कर मारा. समोरून एकमेकांना खेटून डोळे असलेला अरुंद चेहरा आणि दोन बाजूंना पंख दिसतात, पण बाजूला गेलात की ते पंख नुसते पातळ पत्रे होतात आणि मधल्या सळ्यांमधून आरपार आकाश दिसतं. ह्यात बाई की कुत्रा ठरवायची गरजच वाटत नाही.

सरळरेघ:
छान आहे, पण मला एक कायम खटकतं. चौक लोकांचा, मग तिथे काय उभं राहणार हे लोकांना का विचारत नाहीत? न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार रिचर्ड सेराची १२० फूट लांब स्टीलची भिंत होती, टिल्टेड आर्क, तीही कॉर-टेनचीच. तिथे काम करणाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि शेवटी १९८९ मध्ये काढावी लागली.

निळीशाई:
@सरळरेघ, विचारायला हवं हे मान्य. पण त्या भिंतीने चौक मधोमध कापला होता, रोज वळसा घालून जावं लागायचं. पिकासोच्या शिल्पाच्या तिरक्या तळावर पोरं घसरगुंडी खेळतात, कुणी अडवत नाही. लोकांनी ते आपलंसं केलं त्यात ह्याचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

भट्टीवाला:
@पाऊलवाट, तिथून फेडरल प्लाझा चालत जवळच आहे, शिल्पकार काल्डरचं 'फ्लेमिंगो' नावाचं लाल शिल्प पण बघून या. तेही स्टीलच, पण रंगवलेलं. लागोपाठ बघितलंत की दोन्हीतला फरक लगेच कळेल.