शाळेत समुपदेशक की सरांचा धपाटा?

धुळ्याची बाई
काल इथे एका दादांनी लिहिलं, ‘समुपदेशक म्हणजे शहरी चोचले. आमच्या वेळी सरांचा एक धपाटा पुरायचा.’ रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. मी नववी-दहावीला शिकवते, वर्गात 68 पोरं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी सरकत सरकत शेवटच्या बाकावर गेली, वही कोरी. मी चारदा रागावले. नंतर कळलं, घरी तिचं लग्न ठरवत होते. तिने ते मला नाही, शाळेच्या मावशींना सांगितलं. 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन, लावायचं मला सुचलंसुद्धा नाही. बीएडला मी शिकवायला शिकले, ऐकायला नाही. सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय, 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ नाहीतर समाजकार्यकर्ता नेमा. तुमच्या तालुक्यात किती शाळांत आहे?

तापीकाठचा
ते मीच लिहिलं, आणि मागे घेत नाही. आमच्या शाळेत दोन वर्षं गणिताला शिक्षक नाही. आधी तो द्या. अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते, वसतिगृहही बघायचे. पोरांचं सगळं त्यांना ठाऊक असे. वेगळा माणूस लागला नाही.

धुळ्याची बाई
गुरुजींच्या मागे मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती नव्हती, दादा. शिवाय मार्क देणाऱ्याला पोर खरं सांगत नाही. त्यातून मी गावातलीच, तिच्या काकांच्या ओळखीची.

नंदुरबारहून
आमच्याकडे बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. तासभर ‘भावनिक नियमन’. पोरं गप्प. ज्याला ‘मन्हा जीव घाबरस’ म्हणायचंय, तो ‘मला अस्वस्थ वाटतंय’ कशाला म्हणेल? अहिराणी येत नसेल तर नेमूच नका.

यावलकर
म्हणजे खान्देश फक्त अहिराणीचा? आमच्याकडे लेवा बोली, धडगावला पावरी. आम्ही कुठे जायचं?

नंदुरबारहून
वर्गात अहिराणी बोललो म्हणून मी छड्या खाल्ल्यात. सगळ्यांसमोर गावंढळ म्हणाले. त्यानंतर दहावीपर्यंत हात वर केला नाही. तुम्ही मला खान्देश शिकवू नका.

यावलकर
छड्या आम्हीही खाल्ल्या, लेवा बोललो म्हणून. पोराच्या बोलीतला माणूस हवा, एवढं मान्य. ती बोली एकच नाही, हे तुम्हीही माना.

भुसावळ जंक्शन
बोलीवरच अडलात सगळे. 2016 ला दहावीची कलचाचणी सुरू झाली. माझ्या पुतण्याचा कल ललित कलेकडे निघाला. कागद हातात दिला, पुढे काय ते समजवायला कोणी नाही. घरच्यांनी सायन्सला घातला. बारावी दोनदा दिली, आता घरी आहे. आई-बापाला समोर बसवून बोलणारं कोणी असतं तर?

तापीकाठचा
पगार कोण देणार, हे कोणी सांगितलं नाही. माझं म्हणणं कायम आहे. पण बाई, तुमच्या त्या कोऱ्या वहीवरून विचारतो. माझा दहावीचा पोरगा दिवाळीपासून जेवताना बोलत नाही. धपाटा मारून झाला. तेव्हापासून ताट घेऊन ओट्यावर बसतो. शाळेत नाही कोणी, मग विचारायचं कोणाला?

धुळ्याची बाई
14416, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, रात्रीही लागतो. आधी तुम्ही स्वतः बोला, दादा. पोराला लगेच फोन धरायला लावू नका. आणि आज तुमचंही ताट ओट्यावर घेऊन जा.