जोरदार वाऱ्यात किनाऱ्यावरचे पक्षी: फोटो मऊ येतात, तेही पाठमोरे

पाणकाठ:
१५०-६०० मिमी झूम लेन्स ६०० वर, ट्रायपॉडवर गिम्बल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवणारा माथा). शटर १/१००० सेकंद, छिद्र एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००. वारा समुद्राकडून, ताशी ३० किमीच्या आसपास. सँडरलिंग आणि छोटे चिखले (दोन्ही किनाऱ्यावर पळणारे लहान पक्षी) टिपायचे आहेत. दहातले आठ फोटो मऊ (धारदार नसलेले) येतात आणि बहुतेक पक्षी पाठमोरे. स्टॅबिलायझर (हाताची-कॅमेऱ्याची थरथर कमी करणारी सोय) चालू ठेवावा की बंद?

ओली_वाळू:
स्टॅबिलायझरचं नंतर बघू. आधी फोटो १००% मोठा करून पक्ष्याच्या पायाशी असलेला शिंपला बघा. शिंपला स्वच्छ आणि पक्षी पुसट, तर पक्षी हलला: शटरचा वेग वाढवा. दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर कॅमेरा हलला. पक्षी मऊ पण त्याच्या पुढची किंवा मागची वाळू कणाकणाने दिसते, तर फोकस चुकला. आणि सगळंच पाण्याखाली असल्यासारखं लहरत असेल तर ती तापलेल्या वाळूवरची हवा. तिथे कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. सकाळी लवकर जा किंवा अंतर कमी करा.

१/१००० धावणाऱ्या सँडरलिंगला पुरत नाही, त्याचे पाय म्हणजे नुसती भिंगरी. १/२००० पासून सुरू करा, उडताना १/३२००. त्यासाठी आयएसओ १६०० झाला तर होऊ दे. त्याने येणारा थोडा नॉइज (रवाळपणा) काढता येतो, हललेला फोटो नाही.

पाठमोऱ्यांचं कारण सरळ आहे. वाऱ्याकडे पाठ केली की पिसं उलटी फुलतात, म्हणून पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उभा राहतो; उडतो आणि उतरतो तेही वाऱ्याच्या विरुद्धच. वारा समुद्राकडून आणि तुम्ही जमिनीकडे, मग शेपट्याच दिसणार. लाटेच्या रेषेला समांतर बसून किनाऱ्याच्या लांबीने बघा, निदान बाजू मिळेल. समोरून हवे असतील तर वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी येतील अशी वेळ निवडा. भरतीच्या आधीचे दोन तास उत्तम: पाणी चढतं तशी चरायची जागा आक्रसते आणि बसून राहिलात तर पक्षी आपणहून जवळ येतात. मागे लागू नका. भरतीला थवा विसाव्याला बसला असेल तर त्याला उठवून उडतानाचे फोटो काढणं हा निव्वळ आडदांडपणा आहे.

तिपाई:
कॅमेरा हलत असेल तर पहिला संशयित हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी). ६०० मिमीच्या लेन्सचा हूड म्हणजे शीडच. बाजूचा वारा असेल तर काढा, पण मग तुषार थेट काचेवर येतात. ट्रायपॉडचा मधला खांब अजिबात वर काढू नका. पाय फाकवून, दाबून वाळूत रुतवा. खाली बॅग टांगायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर तीच झोके घेते.

खरं तर ट्रायपॉड सोडून आडवेच व्हा. जमिनीलगत वारा कमी असतो आणि पक्ष्याच्या डोळ्याची पातळीही मिळते. ट्रायपॉडऐवजी जुन्या तव्याला मधोमध भोक पाडून ३/८ इंची बोल्टने हेड बसवा; ओल्या वाळूवर तो छान सरकतो. स्टॅबिलायझर वाऱ्यात चालूच. हेड घट्ट आवळलेलं असताना शंका आली तर दोन्ही प्रकारे वीस-वीस फ्रेम काढून ताडून बघा.

पाणकाठ:
आडवं झालं की वाळू थेट लेन्सवर येते, त्याचं काय?

ओली_वाळू:
उडती वाळू गुडघ्याच्या खालीच जास्त असते, त्यामुळे ही किंमत आहेच. कोरड्या पट्ट्यात झोपू नका, लाटेलगतच्या ओल्या वाळूत झोपा. तिथली वाळू उडत नाही, पण वरून येणारी येतेच. लेन्सवर पावसाळी कव्हर घाला आणि झूमच्या नळीच्या फटीवर ते घट्ट बसलंय का बघा. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, कार्ड-बॅटरी अंगाच्या आडोशाला.

दर अर्ध्या तासाने पुढची काच तिरप्या उजेडात बघा. मिठाचा थर आला की फोटो धुरकट होतात आणि फोकस भरकटतो. आधी ब्लोअरने फुंकर, मग गोड्या पाण्याने जरासं ओलं केलेलं मायक्रोफायबर, शेवटी कोरडं. थेट कोरडं फडकं फिरवलंत तर वाळूचा कण काचेवर रेघ मारतो.

तिपाई:
आणि घरी गेल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून लॉक गोड्या पाण्याने धुवा, उघडेच वाळवा. मीठ आत राहिलं की लॉक पुढच्या वेळी करकरतात, नंतर अडकतात.