अनुभव धागा: पडद्यावरची मुंबई आणि आपली मुंबई

सिनेमात मुंबई दाखवायची म्हटली की व्हीटीचा (आताचं सीएसएमटी स्टेशन) घुमट, रात्रीचा मरीन ड्राइव्ह आणि चाळीची गॅलरी, एवढ्यावर काम भागतं. या इमारतींत जे राहिले किंवा रोज त्यांच्यासमोरून गेले, त्यांना पडद्यावर काय दिसतं, काय खटकतं? समीक्षा नको, स्वतःचं लिहा. सुरुवात मीच करते.

माझं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. १६० चौरस फुटांची खोली. सिनेमातली चाळकरी नायिका खोलीत गिरकी घेते आणि तिचा पदर कशालाच अडकत नाही! आमच्याकडे कुणी घेतली असती तर मांडणीवरची भांडी खाली आली असती. संडास मजल्यावर सामायिक, सकाळी रांगेत माणसांच्या आधी टमरेलं उभी. ते पडद्यावर क्वचितच येतं. अपवाद 'मुंबईचा जावई' (१९७०). नव्या जोडप्याला घरात एकांत नाही, अख्खी गोष्टच जागेच्या टंचाईवर. तो लागला की आई हसायची कमी, बाबांकडे बघायची जास्त. आता तिथे टॉवर होतायत, ५०० फुटांची घरं.

रंधा: मी गोरेगावला सेटवर सुतारकाम केलंय. ताई, खोली मोठी दिसते कारण तिला चौथी भिंतच नसते. प्लाय ठोकलेली फ्रेम, मागून टेकू. शॉट लागला की चार जण ती उचलून बाजूला ठेवतात आणि कॅमेरा खुशाल मागे सरकतो. खऱ्या खोलीत कॅमेऱ्याची पाठ भिंतीला लागते. आणखी एक बघा. चाळीतली ओल मोरीच्या बाजूने, खालून वर चढते. सेटवर ती हिरोच्या डोक्यामागे रंगवतात, फ्रेममध्ये यावी म्हणून.

कर्जत फास्ट: व्हीटीची इमारत मी सिनेमातच जास्त पाहिली. लोकलवाले एक ते सात नंबरला उतरतात आणि लोंढ्याबरोबर थेट सबवेत. मान वर करायला फुरसत कुणाला! स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने एवढा घुमट उभारला, वर 'प्रगती'चा पुतळा बसवला, दगडात माकडं-मोर कोरले. ते नीट दिसतं समोरच्या महापालिकेच्या बाजूने. ती इमारतही त्याचीच, १८९३ची. गावाकडून आलेला पाहुणा मात्र सिनेमातल्यासारखा समोरूनच बघायला जातो आणि मग इंडिकेटर शोधत बसतो.

फोर्टकर: एशियाटिकच्या पायऱ्यांवर डबा खाणाऱ्यांपैकी मी एक. सिनेमात तिथे सतत निकाल लागतात, वकील धडाधड उतरतात. अहो, ते टाउन हॉल आहे, १८३३चं, आत ग्रंथालय! हायकोर्ट ओव्हल मैदानाला, १८७८चं, गॉथिक. पण त्याला अशा ऐसपैस पायऱ्या नाहीत, मग नायक हात वर करून उभा कुठे राहणार?

छज्जा: आर्किटेक्चर शिकताना मरीन ड्राइव्ह चालत पाहिला. सिनेमात तो म्हणजे दिव्यांची रांग आणि समुद्र. मागच्या इमारती धूसर. गंमत तिथेच आहे: १९३०-४०च्या दशकांतली आर्ट डेको शैली, गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. २०१८ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, तरी कॅमेरा पाठच फिरवून उभा.

वन आरके: मला खरा वाटलेला एकच, 'घरौंदा' (१९७७). अमोल पालेकर आणि झरीना वहाब अर्धवट बांधलेल्या इमारतींत स्वतःचं घर शोधत हिंडतात. नुसते खांब, उघडे स्लॅब, भिंती नाहीतच, आणि ही दोघं तिथे संसार मांडतायत. मग बिल्डर पैसे घेऊन पसार. आमच्या बाबांचेही पैसे असेच एकाकडे अडकले होते. दर रविवारी आम्ही साइटवर जायचो, बाबा हातवारे करून 'इथे बेडरूम' सांगायचे. टीव्हीवर तो सिनेमा लागला की ते चॅनल बदलायचे. नंतर मीरा रोडला दुसरीकडे घर झालं, तरी अजून बदलतात.