भरधाव गाडी चालवणाऱ्यांना शिक्षा वाढवायला पाहिजे का? सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

कृष्णाकाठची

नमस्कार. मी आष्ट्याजवळच्या एका गावची, सध्या सांगलीत असते. विषय सरळ आहे, बेदरकार गाडी चालवून माणूस मारणाऱ्याला आत्ता आहे त्याच्यापेक्षा कडक शिक्षा पाहिजे का? मला पाहिजे असंच वाटतं, पण मी रागातनं बोलतीय हे मला कळतंय म्हणून तुम्हाला विचारतीय. नुसतं फाशी द्या असं लिहू नका, तुमच्यासमोर काय घडलं आणि पुढं त्याचं काय झालं ते लिहा.

आधी माझं सांगते. २०२२ चा ऑगस्ट, माझा धाकटा भाऊ पहाटे पावणेसहाला मोटरसायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवून डेअरीवर निघालेला, रोजचा रस्ता, रोजची वेळ. मागनं कार आली आणि त्याला उडवून पुढच्या बाभळीला जाऊन थांबली. चालवणारा बावीस-तेवीसचा, मित्राच्या वाढदिवसाला रात्रभर जागून परत चाललेला. एक किटली रस्त्यावर चेपून पडली होती, दुसरीचं झाकण कुठंच मिळालं नाही, ते जानेवारीत ऊसतोड आली तेव्हा तोडणीवाल्या बाईला सरीत सापडलं, रस्त्यापासून वीस पावलं तरी आत. झाकणावर आमचा डेअरीचा नंबर रंगवलेला होता म्हणून तिनं घरी आणून दिलं.

दहाव्याला त्यांच्याकडची चार मोठी माणसं आली. हात जोडून बसली, म्हणाली झालं ते वाईटच झालं, पण पोरगं शेवटच्या वर्षाला हाय, केस उभी राहिली तर त्याचं बाहेर जायचं अडकंल, तुम्ही म्हणाल तसं मिटवू. आणि माझ्या वडलांनी त्यांना चहा दिला. मला त्या चहाचाच सगळ्यात जास्त राग आला होता, अजूनही आहे. केस निष्काळजीपणानं मृत्यूच्या ३०४ अ कलमाची, जुन्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. अजून चालूच आहे. त्या मुलाचं लायसन्स त्याच्याकडंच आहे आणि तो गाडी चालवताना मला दोनदा विश्रामबागला दिसलाय.

खंबाटकीचा रोजचा

ताई वाचून सुन्न झालो. मी साताऱ्याहून शिरवळला कंपनीत रोज जातो, बारा वर्षं झाली. खंबाटकी घाटाच्या बोगद्यातनं बाहेर पडलं की उतार आणि तो एस आकाराचा वळसा, तिथं मी किती गाड्या उलटलेल्या बघितल्या त्याची मोजदाद नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथंच कर्नाटकातले मजूर घेऊन चाललेला टेम्पो पलटी झाला, पहाटेची वेळ होती, त्या दिवशी आमची बस तिथनं पुढं गेली तेव्हा रस्त्याकडेला नुसती गाठोडी, भांडी, पोराबाळांच्या चपला. खिडकीतनं कोणी बोलत नव्हतं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तिथं कित्येक ट्रकवाले डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागतच नाहीत. हा गुन्हाच आहे, पण त्याला डिझेल मोजून देणारा मालक घरी झोपलेला असतो. आणि महामार्गावर असलं वळण इतकी वर्षं ठेवणाऱ्यांना कोणती शिक्षा? नवीन बोगद्यांचं काम काढलंय ते चांगलंच आहे, पण गेलेली माणसं आता कुठनं आणायची.

लालपरी ३१ वर्षं

मी एसटीत ड्रायव्हर होतो, सातारा विभाग, आता रिटायर. पसरणीचा घाट, केळघर घाट, आंबेनळी, पावसाळ्यात धुक्यात सगळं केलंय. तुम्हाला एक सांगतो, शिक्षा किती वर्षांची आहे हे गाडी चालवताना कुणाच्या डोक्यात नसतं. आमच्या डोक्यात काय असायचं तर बिल्ला, म्हणजे ड्रायव्हरचा बॅज, तो गेला की नोकरी गेली. अपघात झाला, मग चूक कुणाची का असंना, चौकशी लागणार, सस्पेंड होणार, घरी पगार जाणार नाही. मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी माझी गाडी एका जीपला घासली, जीपवाला वडाप, म्हणजे चोरटी प्रवासी वाहतूक, भरून उलट्या बाजूनं आलेला, तरी मी चार महिने घरी बसलो होतो. तेव्हा वाईट वाटलं पण त्याच भीतीनं मी पुढं कधी वळणावर ओव्हरटेक केला नाही. कारवाल्याला ही भीती कुणी दाखवलीय का? त्याला दोन हजाराचं चलन येतं मोबाईलवर, ते तो भरतच नाही, लोकअदालतीत सूट मिळंल म्हणून थांबतो. माझं मत असं की जेलचं नंतर बघा, पहिल्या दिवशी लायसन्स काढून घ्या.

कराडकर

हे लिहायचं का नाही याचा चार दिवस विचार केला. मी त्या बाजूचा आहे, म्हणजे गाडी चालवणाऱ्या.

२०१६, कोल्हापूरला साखरपुड्याला चाललेलो, उशीर झालेला, मागं बायको आणि आई. पेठ नाक्याच्या पुढं रस्ता मोकळा होता आणि मी १२० च्या वर होतो, आई दोनदा म्हणाली सावकाश जा, मी म्हणलं रस्ता मोकळा आहे की. गावच्या लोकांनी डिव्हायडर फोडून वाट केलेली असते तशा एका ठिकाणाहून एक म्हातारे आजोबा सायकल हातात धरून आत आले. मी ब्रेक दाबला होता, तरी सायकलला लागली. ते वाचले पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्याचं सगळं मी केलं. त्यांच्या मुलानं पोलिसांत काही सांगितलं नाही, बाबाच मधे आले असं लिहून दिलं. मधे आले हे खरं आहे. पण मी ८० ला असतो तर ते पलीकडं गेले असते हेही खरं आहे, ते कुठल्याच कागदावर नाही.

मला आजही खुपतं ते हे की त्याच संध्याकाळी तीच गाडी चालवत मी घरी आलो. काच फुटलेली, बंपर दोरीनं बांधलेला. कुणी मला चावी दे म्हणलं नाही. नंतर त्या आजोबांना भेटायला जायचो, ते काठीवर चालायचे, मला बाळ म्हणायचे, दोन वर्षांनी वारले. मला त्या वेळी वर्षभर गाडी बंद केली असती तर ती शिक्षा मी आनंदानं नसती घेतली, भांडलो असतो, पण ती योग्यच झाली असती. कृष्णाकाठच्या ताई, तुमची माफी मागायचा मला हक्क नाही, तरी वाचून राहवलं नाही.

कृष्णाकाठची

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माफ करणारी मी कोण. पण त्या मुलानं एकदा तरी घरी येऊन असं सांगितलं असतं तर मी हा धागा काढला नसता बहुतेक.

मिरजेची सिस्टर

मिरजेत अपघात विभागात आहे, हॉस्पिटलचं नाव नको. सांगली, जत, कवठेमहांकाळ, अगदी सोलापूर, कर्नाटकाकडनंसुद्धा पेशंट येतात. शिक्षेबद्दल मी एक बघितलेलं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलानं अपघात केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही. चांगलाच कडक आहे. पण मग आमच्याकडं काय होतं, मुलगा स्ट्रेचरवर आणि त्याचे काका-मामा दारात कुजबुजतात, आणि मला सांगतात सिस्टर गाडी काका चालवत होते, हा मागं बसलेला. काकाच्या अंगावर ओरखडा नाही, पँटची इस्त्री मोडलेली नाही. आणि पोराच्या दोन्ही मनगटांची हाडं गेलेली, पोटावर हँडलचा काळा-निळा गोल वण. मागं बसणाऱ्याला हँडल कसं लागंल? मी जे दिसलं ते केसपेपरवर डॉक्टरांना सांगून लिहायला लावते, त्याच्यावरनं एकदा भांडणही झालंय. हेल्मेट बऱ्याचदा असतं बरं का, आरशाला अडकवलेलं, ते नातेवाईक सोबत घेऊन येतात, नवंकोरं.

मग शिक्षा वाढवली तर खोटं बोलणारे वाढतील की गाडी न देणारे वाढतील? मला खरंच कळत नाही. पण मी माझ्या मुलाला अकरावीत गाडी दिली नाही, तो माझ्याशी दोन महिने नीट बोलला नव्हता.

यवतेश्वरकर

आमचं घर कासच्या रस्त्यावर. पावसाळ्यात आणि फुलांच्या सीझनला शनिवार-रविवार म्हशी दावणीलाच ठेवतो, सोडत नाही. घाटात दारू पिऊन गाड्या पळवतात, वरच्या सनरूफमधनं पोरं उभी. आमची एक रेडी गेली, त्यानं खाली उतरून आम्हालाच विचारलं मोकळी कशाला सोडता. दारू पिऊन चालवली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही आहे म्हणे, पण घाटात कोण तपासतो? वर यंत्र नको का एक?

वाळव्याचा ट्रॅक्टरवाला

सगळे कारवाल्यांवर बोलायलेत, आमचं पण सांगतो, मी दोन ट्रॅक्टर उसाला लावतो. आमच्या ड्रायव्हरला खेपंवर पैसे, जेवढ्या खेपा तेवढी मजुरी, कारखान्याच्या यार्डात नंबर लावायचा म्हणून रात्री बुंगाट पळवत्यात, टेप मोठ्यानं, मागं हॉर्न वाजला तरी ऐकू येत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला. हा आमचा गुन्हा हाय आणि मी मान्य करतो. माझ्याच ट्रॉलीला मागनं एक मोटरसायकल घुसलेली, वाचला तो, पण तेव्हापासनं मी दोन्ही ट्रॉल्यांना स्वतः लाल कापडी पट्ट्या आणि रेडियम लावतो, ऊस भरल्यावर, आधी नाही, कारण आधी लावलं की झाकलं जातंय.

पण हिशोब बघा. ९० ची स्पीड म्हणजे सेकंदाला २५ मीटर. डिपरवर समोरचं चाळीस-पन्नास मीटर दिसतंय. म्हणजे बंद पडलेली ट्रॉली दिसल्यापास्नं तुमच्याकडं दोन सेकंद. त्यातला एक तर बघण्यातच जातोय. तुम्ही ५० ला असता तर आमची चूक पोटात गेली असती. दोघांची चूक एकत्र आली की माणूस मरतोय. शिक्षा दोघांना करा, आणि खेपंवर पैसे देणं बंद करा.

काळा कोट, सातारा

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद, आधी दोन होती. म्हणजे शिक्षा वाढलेलीच आहे, फक्त ताईंच्या केसला जुनाच कायदा लागणार, कारण घटना आधीची. त्याच कलमात पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतची तरतूद आहे, पण जानेवारी २०२४ च्या ट्रकवाल्यांच्या संपानंतर सरकारनं ती बाजूला ठेवली आणि बाकीचा कायदा लागू करताना ती लागू केली नाही. आणि पाच वर्षंवालं कलम जामीनपात्रच आहे, त्यामुळं आरोपी बहुतेक त्याच दिवशी घरी जातो.

पंचवीस वर्षांच्या वकिलीत मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय. केस पडते ती कलम हलकं आहे म्हणून नाही, साक्षीदार नाही म्हणून. ही केस कायद्यानं आपसात मिटवता येत नाही, पण साक्षीदार कोर्टात येऊन "मी पाठमोरा होतो, आवाज ऐकून वळलो" म्हणाला की संपलं. त्याच्यावर गावातनं, भावकीतनं दाब असतो. नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालतो, तिथं इन्शुरन्सचे पैसे मिळतात, आणि पैसे मिळाले की फौजदारीच्या तारखेला घरचेसुद्धा यायचे बंद होतात. मी त्यांना दोष देत नाही, घरात पोरं शिकायची असतात.

मदत करायला लोक घाबरतात त्यांच्यासाठी, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची किंवा थांबायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ तसंच आहे. निर्धास्त उचला. ताई, तुमच्याकडं बघणारा कोणी आहे का?

विश्रामबाग

माझं छोटंसं आहे. स्कूटीवरनं मुलीला क्लासला सोडायला चालले होते, एका बुलेटवाल्यानं कट मारला, आम्ही दोघी पडलो, नंबर लिहून घेतला, तक्रार द्यायला गेले तर विचारलं लागलंय का कुठं. मुलीचं कोपर सोलवटलेलं दाखवलं. एवढंच ना, मग कशाला ताई. म्हणजे कोणीतरी मरेपर्यंत तो गुन्हाच नाही? बेदरकार चालवण्याला पहिल्या वेळी सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दंड आहे म्हणे कायद्यात. मी अजून तो नंबर पाकिटात ठेवलाय. एक दिवस तो कुणालातरी मारणार आणि मला आधीच माहीत होतं असं होणार, ह्या विचारानं झोप लागत नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बघणारा एक आहे. डेअरीवर दूध मोजायला बसणारा मुलगा, त्या वेळी एकोणीस वर्षांचा, सायकलवर पन्नास पावलं मागं होता. जबाबात त्यानं सगळं सांगितलंय, गाडी कुठल्या बाजूला होती तेसुद्धा. पुढच्या महिन्यात त्याची साक्ष आहे. तिघं जण त्याच्या घरी जाऊन आलेत, एकानं कारखान्यात नोकरीचं बघतो म्हणलंय. आम्ही मुद्दाम त्याला काही बोललो नाही, वडील म्हणाले त्याच्या मनावर आहे, त्याला आयुष्य त्याच गावात काढायचंय.

काल रात्री त्याच्या आईचा फोन आला. म्हणाली, पोरगं येणार हाय. तारखेला तुम्ही त्याला न्यायला गाडी पाठवू नका, समोरचे म्हणतील ह्यांनीच शिकवून आणला. तो त्याचा सकाळच्या एसटीनं येईल.