तांबडी चोच वासून बसलीय

मी, दुपारी १:४७
आपली तांबडी कोंबडी चोच वासून बसलीय. पंख अंगापासून लांब धरलेत, गळा सारखा धडधडतोय. बाकीच्याही तशाच आहेत, पण हिचं जरा जास्तच. खुराड्याच्या दारात बसलीय, धड आत नाही धड बाहेर नाही. काय करू?

काका, १:४९
बादलीत बर्फाचं पाणी घे आणि बुचकळून काढ. मिनिटभरात टुणटुणीत होते.

आत्या, १:४९
बुचकळू नकोस!!!

आत्या, १:५०
थांब जरा, मला टाइप करायला वेळ लागतो

वहिनी, १:५०
भाऊजी, उभी राहते का ती? चालताना तोल जातोय का? तुरा कसा दिसतोय?

मी, १:५२
उभी राहते. जवळ गेलो तर सरकते. तुरा लाल आहे, नेहमीपेक्षा थोडा फिका.

वहिनी, १:५५
मग अजून हाताबाहेर गेलेलं नाही. चोच उघडी आणि पंख लांब म्हणजे ती स्वतःला गार करतेय. कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात तिला. धापा टाकायच्या आणि तोंडातला, घशातला ओलावा वाफेवाटे घालवायचा, हा तिचा मुख्य मार्ग. थोडी उष्णता तुऱ्यातून, गळ्याखालच्या लाल कातडीतून आणि उघड्या पायांतून जाते. मान टाकली, डोळे मिटायला लागले, झोकांड्या द्यायला लागली, तुरा पांढुरका किंवा जांभळट पडला तर मात्र धावायचं. आत्ता तिला उचलू नका, मागे तर मुळीच लागू नका. धरपकडीत अंग आणखी तापतं. पाणी तिच्यापुढे नेऊन ठेवा.

मी, १:५६
पाणी आहे की. डबा सकाळीच भरलाय.

आत्या, १:५६
बोट घाल त्यात

मी, १:५८
चहा होईल यात.

आत्या, २:०१
मग ती कशाला पिईल? तापलेल्या पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. तहानलेली राहील पण पिणार नाही. ते ओतून टाक, माठातलं भर. सावलीत ठेव. आणि एकच भांडं नको, तीन जागी ठेव. एक दांडगी भांड्याशी ठाण मांडते आणि गरीब कोंबड्या मागे राहतात

भाचा, २:०२
मामा पाण्यात बर्फ टाक ना

आत्या, २:०३
पाण्यात टाकलास तर चालेल रे बाळा. कोंबडीवर नको एवढंच

काका, २:०४
मग मी काय वेगळं म्हणत होतो? माणसाला ऊन लागलं की आपण बर्फच फिरवतो ना.

वहिनी, २:०८
काका, एकदम बर्फात घातलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. आतली उष्णता आतच अडकते आणि वर धक्का बसतो तो वेगळाच. तिचं अंग एरवीच ४१-४२ अंश असतं, त्यामुळे नळाचं साधं पाणीही तिला गारच. पाय आणि पोटाखालची पिसं भिजवायची आणि वाऱ्याला ठेवायची. तेही ती खरंच कोसळायला लागली तर.

मी, २:१९
परातीत दोन बोटं पाणी घालून आंब्याखाली ठेवलं. तांबडी आपण होऊन आत जाऊन उभी राहिली! पाणी पितेय पण आणि पाय पण बुडवतेय.

मी, २:२०
[फोटो]

ताई, २:२१
अगंबाई, नुसती उभी आहे. नदीकाठी आल्यासारखी 😄

आत्या, २:२३
पाय भिजले की निम्मं काम झालं. आता तासभर तिथे कुणी जाऊ नका. फोटो काढायला पण नाही

काका, २:३१
हे आलंय बघा: "उन्हाळ्यात कोंबडीला मका घालू नका, मका उष्ण असतो." पुढे पाठवा म्हणे.

वहिनी, २:३६
मका उष्ण वगैरे काही नसतो, काका. पचवायला घेतलं की कुठलंही खाणं अंगात उष्णता तयार करतंच, आणि त्यात प्रथिनांची जास्त होते, मक्यातल्या पिठूळ भागाची त्याहून कमी. नुसत्या मक्यावर ठेवलं तर प्रथिनं कमी पडतात आणि अंडी घटतात, तक्रार करायची तर ती करा. पण काय घालता यापेक्षा कधी घालता हे बघायला हवं. भाऊजी, दाणा कितीला घातलात?

मी, २:३७
बाराला. सुट्टी होती, उशिरा उठलो.

वहिनी, २:४१
तिथेच घोटाळा झाला. खाल्ल्यावर पचनाची उष्णता चार ते सहा तासांनी सगळ्यात जास्त होते. बाराचा दाणा म्हणजे चार-पाचला आतून भट्टी पेटलेली आणि नेमकं तेव्हाच बाहेरचंही तापलेलं. आत्ता उरलेला दाणा काढून घ्या. उद्यापासून पहाटे उजाडताना एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. मधे रिकाम्या राहिल्या तरी बिघडत नाही, त्या उन्हात तशाही खात नाहीत.

आत्या, २:४४
🎤 व्हॉइस मेसेज (१:५२)

ताई, २:५३
मीटिंगमध्ये असणाऱ्यांसाठी आत्या काय म्हणाल्या ते लिहिते:
"कोंबडी दुपारी बाराला मरत नाही, साडेचार-पाचला मरते. दिवसभर साठत साठत जातं. आपण चार वाजले, ऊन कलतंय, असं म्हणून निर्धास्त होतो आणि तेव्हाच ती आडवी होते. माझ्या तीन गेल्यात अशा, एकाच संध्याकाळी. सगळ्या वजनदार, पाळून पाळून लठ्ठ केलेल्या. त्यांच्यातच उघड्या मानेच्या दोन होत्या, त्यांना काही झालं नाही. आणि ज्या दिवशी गेल्या ना, त्याच्या आदल्या आठवड्यात आभाळ होतं. एकदम ऊन पडलं, त्यांना सवयच नव्हती. हळूहळू तापत गेलं असतं तर निभावल्या असत्या."

वहिनी, २:५५
आत्या अगदी बरोबर सांगतायत. उघड्या मानेच्या कोंबडीला अंगावर पिसंच कमी, उष्णता सुटायला जागा मिळते. आणि अचानक आलेल्या उन्हाचंही खरंय.

ताई, ३:०२
तुझ्याकडे थर्मामीटर आहे ना भिंतीवरचा? खुराड्यात लटकव. कोंबडी बसते त्या उंचीला, वर नको.

मी, ३:२४
आंब्याखाली ३८. खुराड्यात ४३.

ताई, ३:२४
४३??

मी, ३:२५
दोनदा बघितलं. सगळ्या दारात का बसतात ते आता कळलं. मला वाटायचं माझी वाट बघतायत.

काका, ३:२७
पत्रा आहे ना वर? पत्र्यावर ओलं गोणपाट टाक.

वहिनी, ३:३१
काका, हे मात्र शंभर टक्के बरोबर 👍

काका, ३:३१
एक तरी.

वहिनी, ३:३८
पण एक अट. हवा कोरडी असेल तरच त्याचा उपयोग, पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ज्या दिवशी अंग चिकचिक करतं, कपडे वाळत नाहीत, त्या दिवशी गोणपाट, फवारे काहीच करू नका. हवेत आधीच ओल असेल तर पाणी उडत नाही, आणि कोंबडीच्या धापेतला ओलावाही उडत नाही. म्हणजे तिची मुख्य सोयच आपण बंद करतो. अशा दमट दिवशी ३५ अंशसुद्धा कोरड्या ३८ पेक्षा वाईट. तेव्हा फक्त वारा कामाचा. आणि पाणी मारायचंच तर छपरावर आणि बाहेर मारा, आत जमिनीवर अंथरलेल्या तुसावर नको. तूस ओलं झालं की अमोनियाचा वास सुटतो आणि मागून रक्ती हगवण येते.

मी, ३:४०
आज कोरडं आहे, ओठ फुटतायत. गोणपाट टाकतो. हिरवी जाळी पण आहे, ती पत्र्यावर पसरू?

वहिनी, ३:४३
पसरू नका, वर ताणा. पत्रा आणि जाळी यांत निदान हातभर अंतर ठेवा, मधून वारा जाऊ दे. चिकटून टाकली तर जाळी तापते आणि तेच खाली देते. पुढच्या रविवारी पत्र्याला वरून पांढरा चुना द्या, ऊन परतवतो.

ताई, ३:४५
आणि पंखा?

वहिनी, ३:४९
चालेल, वायर चोचीच्या आणि पाण्याच्या लांब ठेवायची. पण ४३ अंशाची हवा तिच्या अंगापेक्षाही गरम आहे, तीच तिच्यावर फेकून काय मिळणार? आधी आतली गरम हवा बाहेर जायला वाट हवी. ती वर चढते, तेव्हा वाट वर हवी. भिंतीच्या वरच्या फळ्या काढून दोन्ही बाजूंना जाळी मारा. बारीक मारा, रात्री मुंगूस आलं तर सगळी मेहनत त्याच्या पोटात.

आत्या, ३:५२
तूस किती जाड आहे?

मी, ३:५३
टाचेएवढं. नाही, जास्तच. थंडीत तुम्हीच सांगितलं होतं वर वर टाकत जा, ऊब राहते.

आत्या, ३:५५
थंडीत सांगितलं होतं!! आता काढ. खाली कुजतंय ते, हात घालून बघ कसलं गरम लागतंय. दोन बोटं ठेव फक्त

मी, ४:०४
हात घातला. शेणाच्या खतासारखं गरम. काढतोय.

आई, ४:०६
अरे अंड्यांवर बसलेली खुडूक कुठाय?

मी, ४:०६
अरे देवा

आई, ४:०७
सकाळपासून मी तिला बाहेर बघितलेली नाही. तुम्ही सगळे तांबडीचंच घेऊन बसलायत.

मी, ४:१५
पेटीत होती. अंड्यांवर. डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी, अंग हाताला भाजत होतं. पेटी पत्र्याला टेकलेली आहे अगदी. ती उठलीच नसती. मी उचलली तरी पाय आवळून परत बसायला बघत होती.

वहिनी, ४:१६
सावलीत आणा, पाय आणि पोट साध्या पाण्यानं भिजवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जाईल. चोच पाण्यावर टेकवा, पिईल ती.

आत्या, ४:१७
डोकं भिजवू नको घाईत, आधी पाय

मी, ४:२१
पितेय. थांबत नाहीये.

मी, ४:२९
अजून पितेय. उभी राहिली. एक मोठी घाण टाकली, वास सांगत नाही.

आई, ४:३०
मी बघतेय खिडकीतून. ठीक आहे आता.

आत्या, ४:३६
खुडूक दिवसातून एकदाच उठते, पटकन दाणा-पाणी करते आणि परत बसते. ऊन असलं तरी मोडत नाही. म्हणून तिच्याकडे आपणच बघायचं असतं. तिला पेटीत ठेवू नकोस. डालग्यात घालून घरात, जमिनीवर, अंधाऱ्या गार कोपऱ्यात ठेव. अंड्यांसकट, रात्री हलव म्हणजे गोंधळ घालत नाही. पाणी तिच्या चोचीला लागेल इतकं जवळ

भाचा, ४:३८
मामा अंड्यातली पिल्लं मेली का?

वहिनी, ४:४२
सांगता येत नाही रे. अंड्याला आत साडेसदतीस अंशाच्या आसपास लागतं. थोडा वेळ जास्त झालं तर निभावतं, तासन्‌तास चाळिशीच्या वर राहिलं तर नाही. दोन-तीन दिवसांनी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून बघ, शिरा दिसल्या तर आहेत.

भाचा, ४:४३
मी येतो बघायला 🔦

ताई, ४:५०
यावरून आठवलं. गेल्या आठवड्यात तू दिलेली अंडी, दोन हातात घेतानाच फुटली. कागदासारखं कवच. मला वाटलं मीच जोरात धरली.

वहिनी, ४:५६
ते पण उन्हाचंच. सारख्या धापा टाकल्या की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम नीट हाती लागत नाही. त्यात खाणंही कमी, म्हणजे कॅल्शियम येतंही कमी. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाण्यात मिसळू नका. ज्यांना हवाय त्या खातात.

काका, ४:५८
पाण्यात मीठ-साखर घालायचं का?

वहिनी, ५:०२
कोंबड्यांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर घाला, पाकिटावरच्या मापानं, एका भांड्यात. शेजारी साधं पाणी हवंच. एक-दोन दिवस फार ऊन असेल तेव्हा, रोजचं नाही. घरी अंदाजानं मीठ नको, जास्त झालं तर उलटंच होतं. आणि कलिंगडाच्या साली घालत असाल तर तासाभरात उरलेल्या उचला, उन्हात आंबतात.

मी, ५:४८
तूस काढलं, जाळी ताणली, गोणपाट भिजवलं, मागच्या भिंतीच्या दोन फळ्या उखडल्या. खुराड्यात ३९. आंब्याखाली अजून ३७.

मी, ५:५०
तांबडी आंब्याच्या बुंध्याशी खड्डा करून मातीत लोळतेय. चोच मिटलेली.

आत्या, ५:५२
तो खड्डा बुजवू नकोस. खालची माती गार असते, त्यांना कळतं. सकाळी तिथे थोडं पाणी मारून ठेवत जा

काका, ५:५३
नऊच्या नऊ ठीक ना मग?

मी, ५:५५
आठ बाहेर, एक डालग्यात जायची आहे. रात्री नऊ जणींना त्या दांडीवर दाटी होते असं आता वाटतंय. सगळ्या एकमेकींना चिकटून बसतात.

आत्या, ५:५८
दुसरी दांडी लाव. खालच्या बाजूला, वर नको. वर गरम

मी, दुसऱ्या दिवशी सकाळी ६:१०
दाणा ५:३० ला घातला. पाणी बदललं, तीन भांडी. खुडूक कोपऱ्यात शांत आहे, रात्री हलवताना फक्त माझ्या अंगठ्याला चोच मारली.

मी, ६:१२
अंडी पाच. त्यातलं एक बिनकवचाचं, नुसती पिशवी. तांबडीचं असावं.

वहिनी, ६:१४
शिंपल्याची वाटी ठेवलीत का?

मी, ६:१५
आत्ता ठेवतो.