सुट्टीतील पाणखेळ : शिकागो की अटलांटा?

ए-२०४ : संकुलातील शेजाऱ्यांनो, नमस्कार. परीक्षा संपताच आम्ही मुलांना घेऊन अमेरिकेस जात आहोत. दीर शिकागोत आणि नणंद अटलांटात असल्याने मुक्काम दोन्हीकडे होईल. जमिनीतून पाणी उडणारे, तिकीट नसलेले स्प्लॅश पॅड कोणत्या शहरातील बरे? थोरला नऊ वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची आहे.

सी-१०१ : वहिनी, आम्ही दोन्ही पाहिली आहेत. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील क्राऊन फाउंटन २००४ साली खुले झाले. तेथे काचेच्या विटांचे ५० फूट उंचीचे दोन मनोरे समोरासमोर उभे असून त्यांवर शहरातील सुमारे १,००० रहिवाशांचे चेहरे आळीपाळीने उमटतात आणि मध्येच त्या चेहऱ्याच्या तोंडातून धार सुटते. (त्या धारेची वाट पाहत आमचा मुलगा जेवायलाही उठेना.) मधल्या काळ्या ग्रॅनाइटवर पाऊल भिजेल एवढेच पाणी असते, त्यामुळे धाकटीला ते उत्तम. अटलांटाच्या सेंटेनियल ऑलिंपिक पार्कमध्ये १९९६ च्या स्पर्धेच्या निमित्ताने बांधलेल्या पाच कड्यांतून २५१ झोत उसळतात. लिअँडर पेसला कांस्यपदक मिळाले, तीच ही स्पर्धा. थोरला तेथे रमेल, धाकटी मात्र पहिल्या उसळीलाच तुम्हाला बिलगेल.

तरीही निर्णय वयापेक्षा सुट्टीच करील. आपल्या बेळगावच्या शाळा एप्रिल-मेमध्ये बंद असतात, सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगडकरांप्रमाणे जूनच्या मध्यापर्यंत थांबणे आपल्याला जमत नाही. मेच्या मध्यास शिकागोत दुपारचा पारा विशीच्या आसपास असतो, त्यात सरोवरावरून गार वारा येतो. बेळगावच्या उन्हाळ्यातून गेलेली मुले तेथे भिजली की कुडकुडतील. अटलांटात त्या वेळी २५ अंशांच्या वर ऊब असते.

बी-३०३ : राकसकोप जलाशयाची पातळी खालावली की टँकरकडे डोळे लावणाऱ्या आपल्याला एवढे पाणी उडवणे खटकते, परंतु अशा बऱ्याच ठिकाणी तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. तुषार उडताना क्लोरीन कमी होत जाते, म्हणून ते पाणी मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये, धाकटीला पोहण्याचा डायपर घालावा आणि जुलाब होत असल्यास तिला पाण्यात नेऊच नये.

ए-२०४ : मग आधी अटलांटा आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात शिकागो, असे तिकीट काढते.

सी-१०१ : योग्य. अटलांटाच्या उद्यानात मोठे कार्यक्रम होतात, तेव्हा निघण्यापूर्वी कारंजे सुरू आहे ना, एवढे नणंदबाईंना पाहून ठेवायला सांगा.